सत्तर-तीसचा साका

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. दोन्हींत तीच दोन कच्ची तेलं, हलकं सत्तर टक्के, जड तीस, सारखीच तापवलेली. एक चित्र निळंशार. दुसऱ्यात गोवर उठावा तसे लाल ठिपके. निळं म्हणजे तेल, लाल म्हणजे साका, तेलातून फुटून तळाशी बसणारा गाळ. एवढं प्रयोगशाळेच्या बाईंना ठाऊक होतं. त्यापुढचं सकाळपासून काही सुधरत नव्हतं.

बाई सहजी गोंधळणाऱ्यातल्या नव्हत्या. गोंधळ झालाच तर तो यंत्राच्या नावावर टाकून मोकळं व्हायची त्यांची रीत होती. पण आज यंत्रही दाद देईना. दिवा बदलून झाला. थेंब ठेवायचा तो इवलासा हिरा चार वेळा धुऊन झाला. त्याच्यातूनच अवरक्त किरण तेलापर्यंत पोचायचे आणि चित्र उमटायचं. आठ नमुने केले. पाच निळे, तीन लाल. हिरा साळसूद.

दाराशी स्टुलावर टाकीवाले काका बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन. गेल्या आठवड्यात हीच दोन तेलं त्यांनी टाकीत एकत्र केली, आणि चौथ्या दिवशी भट्टीच्या नळ्या साक्याने तुंबल्या. कारखाना बंद. सत्तर-तीसला ही तेलं जमतात असा बाईंच्याच सहीचा दाखला होता. तेव्हा काकांनी प्रमाण चुकवलं, असा साहेबांचा सरळ निष्कर्ष. चार वाजता साहेब लेखी कबुली घ्यायला येणार होते. काकांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. बडतर्फी तिच्याआधी गाठणार, अशी चिन्हं होती.

"बाई, ते लाल माझ्या टाकीतलं का?"

"नाही काका. तेही माझंच. इथंच केलेलं."

"म्हणजे तुमच्याकडेपण साका बसतो?" काकांचा चेहरा उजळला, आणि उजळल्याचं लक्षात येताच त्यांनी तो खाली घातला.

"बसायला नको. दोन्ही तेलं एकेकटी अगदी स्वच्छ आहेत."

"आमच्या दोन्ही सुना तशाच. एकेकट्या सोन्यासारख्या."

बाई हसल्या नाहीत. "मोजलं होतंत ना नीट?"

"तीस वर्षं टाकीत फीत सोडतोय. नातवाची उंची चुकेन, तेलाची नाही."

हे खरं असावं असं बाईंना वाटलं, आणि त्यामुळे जास्तच पंचाईत झाली. काका बरोबर, दाखला बरोबर, हिरा बरोबर, आणि नळ्या तुंबलेल्या.

सव्वातीनला त्यांनी दोन्ही बाटल्या काकांपुढे सरकवल्या. "या, तुम्हीच ओता. माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नाही."

काकांनी हेल्मेट स्टुलावर ठेवलं, हात पुसले, हलक्या तेलाची बाटली उचलली आणि नळकांड्यात सत्तरच्या खुणेपर्यंत ओतलं. मग जड तेलाकडे हात नेला.

"अहो, आधी जड ओतायचं."

"का?"

का, ते बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. जड तेल नळकांड्याला चिकटतं, वरून हलकं ओतलं की धुऊन निघतं. भांडी घासायची सोय, एवढंच. आणि जड तेल थिजलेलं असलं तर बाटली गरम पाण्यात ठेवून त्या हलकं आधी ओतून घेत. वेळ वाचायचा. आज सकाळीही तीनदा तसंच केलं होतं.

"आमच्या टाकीत हलकं आधीपासूनच होतं," काका म्हणाले. "त्यात जड सोडलं. तुमच्या दाखल्यात काही वेगळं सांगितलं होतं का?"

"नाही. ओता तुम्ही."

काकांनी जड तेल ओतलं, ढवळलं. थेंब हिऱ्यावर गेला. थोड्याच वेळात पडदा लाल ठिपक्यांनी भरला. मग बाईंनी तीच तेलं, तेवढीच, जड आधी घेऊन वर हलकं ओतत कालवली. निळंशार.

"बघा काका, जडातला डांबरासारखा भाग त्याच्या घरात हलकं पाहुणा म्हणून आलं तर सांभाळून घेतो. पण त्यालाच हलक्याच्या पुरात ढकललं तर बिथरतो, गोळा होतो. मग प्रमाण बरोबर झालं तरी लवकर विरघळत नाही."

"म्हणजे प्रमाण चुकलं नाही?"

"नाही."

"मग मी सुटलो की अडकलो?"

बाईंनी वही उघडली. वजनं तीन दशांशांपर्यंत, तापमान, वेळ, पानोपानी सही. आधी काय ओतलं, ते एकाही पानावर नव्हतं.

चारला साहेब आले, कबुलीचा कागद टेबलावर ठेवला.

"प्रमाण बरोबर होतं साहेब," बाई म्हणाल्या. "क्रम चुकला."

"कोणी चुकवला?"

"जड मागाहून मीच सोडलं," काका म्हणाले.

"कोणतं आधी, हे दाखल्यात सांगायचं मी विसरले," बाई म्हणाल्या.

"एकाच्या नावावर टाका. वर एकच नाव जातं." तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत बाहेर गेले.

परतले तेव्हा कागदावर दोन सह्या होत्या, एकाच ओळीत दाटीवाटीने बसवलेल्या.

"हे काय? आधी सही कोणी केली?"

काकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी काकांकडे. साहेबांनी कागद उजेडात तिरका धरून पाहिला. शाई दोन्हींची ओली होती.