कोरडी जागा

तिसरं घरही अंबुजमनं नाकारलं. बोटीवर परत चढताना ती एवढंच म्हणाली, की स्वयंपाकघरात उजेड नाही. त्या स्वयंपाकघराला तीन खिडक्या होत्या आणि त्या तिच्या नवऱ्यानं, पणिक्करनं, स्वतः उघडून पाहिल्या होत्या.

तीन दिवसांसाठी घेतलेल्या हाउसबोटीचा हा शेवटचा दिवस. राहायचं बोटीवर, जेवायचं बोटीवर आणि दलाल थंकच्चन दाखवील ते घर बघायला काठावर उतरायचं, असा बेत होता. मुलगी धन्या बंगळूरहून रजा घेऊन आली होती. तीस वर्षांच्या संसारात अंबुजमनं कधी काही मागितलं नव्हतं. इस्पितळातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मात्र ती म्हणाली, "कोचीचा हा नववा मजला आता पुरे. माझ्या माहेरच्या कुट्टनाडात, नदीकाठी एक घर घेऊ या." पणिक्कर लगेच हो म्हणाला.

हो म्हणायला कारण होतं. डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आषाढ-श्रावणातला कर्किडक महिना निघाला तर नशीब, पुढच्या ओणमचं काही धरू नका. आता चैत्र चालू होता. अंबुजमला मात्र 'पोटात जखम आहे, भरून येईल' असं सांगून दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. तेव्हापासून ती दोघं साध्यासाध्या गोष्टींवर हसत. असं हसून माणूस दमतो. पणिक्करला एकच हवं होतं, तिच्या मनासारख्या घरात तिचे चार महिने जावेत. आणि ही बाई त्यातलेच दिवस घरं नाकारण्यात घालवत होती.

पहिलं घर तर बापलेकीला फारच आवडलं होतं. दक्षिणेच्या पायऱ्या थेट नदीत उतरत होत्या. अंबुजम म्हणाली, दिवसभर ऊन तोंडावर येईल. दुसऱ्या घराच्या मागं भातखाचर होतं. ती एकटीच मागं गेली, चिखलानं भरलेली चप्पल घेऊन परत आली आणि नको म्हणाली. तिसऱ्यानंतर पणिक्करचा तोल सुटला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं पुटपुटत त्यानं विचारलं, "मग काय राजवाडा शोधू तुझ्यासाठी?"

"राजवाडा कशाला हो? मला काही फार जागा लागायची नाही," ती हसून म्हणाली.

जेवताना तिनं करिमीन माशाचे दोनच घास घेतले. बोट तिच्या माहेरच्या वळणावरून चालली होती. महापुराच्या साली आपली आजी गेली तेव्हा अंगणात छातीएवढं पाणी होतं, असं ती धन्याला सांगू लागली. दोन दिवस आजीला बाकावर ठेवलं, मग होडीत घालून शहरात नेलं आणि परक्यांच्या रांगेत नंबर लावून जाळलं. बिचारीला घरची माती मिळाली नाही. धन्या म्हणाली, "अम्मा, सुट्टीत हे कशाला काढतेस?" पणिक्करनं घाईघाईनं आणखी भात मागितला.

चौथं घर थंकच्चननं नाइलाजानं दाखवलं. कौलं घसरलेली, न्हाणीचं दार लागत नाही, विहिरीचं पाणी तांबडं. धन्या बोटीवरूनच नको नको म्हणाली आणि उतरलीच नाही. अंबुजम उतरली. घरात न शिरता ती भिंतीच्या कडेनं तडक मागं गेली. तिला चालताना धाप लागत होती, म्हणून पणिक्कर मागोमाग धावला.

मागं, दक्षिणेच्या कोपऱ्यात, मातीचा चांगला उंचवटा होता आणि त्यावर एक तरणा नारळ.

"महापुरात इथवर पाणी आलं होतं का?" तिनं विचारलं.

गिऱ्हाईक बोलतंय म्हटल्यावर थंकच्चनला उत्साह आला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "घरात गळ्याएवढं होतं, ताई. पण हा तुकडा कोरडा ठणठणीत! म्हणून तर मालकाच्या म्हातारीला इथंच—" एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

ज्याला स्वतःची जमीन आहे त्याला कुट्टनाडात तिच्याच दक्षिण कोपऱ्यात अग्नी देतात आणि त्या जागी नारळ लावतात. पण घर विकताना कोणताही दलाल ते सांगत नाही. पणिक्करच्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी बायकोला चितेची जागा दाखवायला आणलंस काय, लाज कशी वाटत नाही, असं तो थंकच्चनवर खेकसला. थंकच्चन मान खाली घालून बोटीकडं सटकला. पणिक्करनं अंबुजमचं कोपर धरलं. "चल इथून. याहून शंभर चांगली घरं मिळतील आपल्याला."

ती हलली नाही. तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पायानं माती दाबून पाहिली. पाय कुठं रुतला नाही. मग धन्या बोटीवरच आहे ना, हे तिनं मान वळवून पाहून घेतलं आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"हेच घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "कर्किडकात पाणी कितीही चढलं, तरी मला कुठं न्यायचं ही पंचाईत तुम्हाला पडायची नाही."