आईचं पळणं

बिंदुसरेच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर शिवकन्या आईच्या चाळीस पावलं पुढं जाऊन थांबली आणि मागं वळून बघत राहिली. सुनिता येत होती. साडीखाली लेकीची जुनी ट्रॅकपँट, पदर कमरेला खोचलेला, पायात लेकीचेच जुने बूट. पळता पळता ती कडेला बांधलेल्या कुणाच्या तरी म्हशीशी बोलत होती.

"आई, तोंड बंद ठेव. दम लागतो असा. अन् हात इतके वर घेऊ नको."

"बरं," सुनिता म्हणाली. दहाएक पावलं हात खाली राहिले. मग होते तिथं परत गेले.

शिवकन्या पोलिसात होती, तीन दिवसांच्या रजेवर गावी, पालीला आली होती. शाळेपासून अकरा वर्षं ती पळाली. तीन हजार मीटरला दोनदा जिल्ह्यात पहिली आली, त्याच पायांवर पोलिस भरतीत निवडली गेली. नोकरी लागल्यापासून मात्र आपणहून एकदाही पळाली नव्हती. आणि आई? चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढलीय, रोज चाला म्हणून सांगितलं, तर ही बाई चालता चालता पळायलाच लागली. "तुझ्या आईला उठवावं लागत न्हाई बग," काल बाप कौतुकानं सांगत होता. "माझ्या आधी बूट घालून दारात." ते वाक्य शिवकन्येला कालपासून डाचत होतं. तिला स्वतःला अकरा वर्षं तोंडावर पाणी मारून उठवावं लागायचं.

"रोज किती होतं?" तिनं विचारलं.

"त्या पलीकडल्या बाभळीपस्तोर."

"किती मिनिटांत?"

"मिनिटं कोण बघतंय? कवा लवकर होतं, कवा उशीर होतो." सुनिता हसली. हसताना तिचा चेहरा असा उजळला, की शिवकन्येला तो बघवेना.

"शर्यत लावू," ती म्हणाली. "धरणाच्या भिंतीच्या टोकापर्यंत."

"लाव की."

आणि शिवकन्या सुटली. आईसोबत पळावं तशी नाही, मैदानावर पळायची तशी. छाती फुटायला आली, तोंडात ती जुनी लोखंडाची चव आली, पण ती थांबली नाही. टोकाला पोचून गुडघ्यांवर हात टेकले आणि वळून बघितलं. आई लांब, बोटाएवढी दिसत होती. तिनं वेग वाढवला नव्हता, कमीही केला नव्हता. मध्येच मान वळवून ती पाण्याकडं बघत होती. पाण्यावर बगळे उतरले होते.

बऱ्याच वेळानं ती पोचली.

"हरलीस," शिवकन्या म्हणाली.

"कशात गं?" सुनितानं विचारलं. मग जीभ चावली. "आगं बया, शर्यत लावलीवती न्हवं! इसरलेच मी."

शिवकन्या भिंतीच्या कडेला बसली. आई उभ्या उभ्या पदरानं मान पुसत होती. दम लागला होता, पण त्या दमाचंही तिला काही वाईट वाटत नव्हतं.

"आई, तुला खरंच आवडतं?"

सुनितानं आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकत तर नाही ना, असं. "लई," ती हळूच म्हणाली. "आधी न्हाई आवडलं. पैले पंधरा दिवस पिंढऱ्या धरून रडायचे. मग एक दिवस बाभळ आली अन् मला कळलंच न्हाई. तवापासून रोज वाटतं, कवा एकदा उजाडंल." आणि आपण काही भलतंच बोलून गेलो असं वाटून ती लाजली.

शिवकन्येनं हातातला खडा पाण्यात भिरकावला. बगळे उडाले.

"मला एक दिवसबी न्हाई आवडलं."

"काय?"

"पळायला. अकरा वर्षांत एक दिवसबी न्हाई. प्रत्येक शर्यतीच्या आधी मी उलटी करायचे. तुला वाटायचं, दूध पचत न्हाई."

सुनिता तशीच उभी राहिली. पदर हातातच राहिला. अकरा वर्षं पहाटे उठून बदाम घातलेलं दूध तिनंच दिलं होतं.

"मग कावून पळालीस?"

"पहिली यायचे म्हणून."

सुनितानं पदर परत कमरेला खोचला. मग म्हणाली, "मग आता बस. कोण म्हणतंय पळ? मी बाभळीपस्तोर जाऊन येते." आणि खरंच निघाली.

'बस' असं शिवकन्येला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती बसूनच राहिली. आईचे पाय वाकडे पडत होते, वेणी पाठीवर आपटत होती, आणि ती चालली होती, कुणी हाक मारल्यासारखी. आपल्या घरातली आपली एकटीची वस्तू आईनं न विचारता उचलली आणि ती तिलाच जास्त शोभून दिसावी, तसं शिवकन्येला झालं. राग आला. रडूही आलं.

बाभळीला हात लावून सुनिता परत आली, तेव्हा शिवकन्या उठली आणि काही न बोलता तिच्या बाजूनं पळू लागली. इतकं हळू पळणं तिला जमेना. पाय पुढं पुढं जायचे, ती ते मागं ओढायची. आई काहीतरी गुणगुणत होती. कुठल्या तरी वळणानंतर पाय मागं ओढायचं शिवकन्येच्या ध्यानात राहिलं नाही. मान वर केली तेव्हा गावातली घरं समोर होती.

डेअरीला दूध घालून परतणाऱ्या गावातल्या आप्पारावनं मोटरसायकल थांबवली. "काय शिवकन्या, आईला पळायला शिकवायलीस व्हय?"

तिनं तोंड उघडायच्या आत सुनिता म्हणाली, "व्हय. तिनंच शिकवलं मला."

"वाटलंच मला," आप्पाराव म्हणाला. "दोन मेडलं उगं न्हाई आणली पोरीनं."

सुनिता लेकीकडं बघून हसली. शिवकन्येनं मान खाली घातली. पण तिनं नाही म्हटलं नाही.