हिरवं पाणी

काढ्याची वाटी जमिनीला टेकायच्या आत सितारामचे डोळे मिटले. "लागू पडलं गं गिरजे. जा आता तू," एवढंच तो बोलला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. गिरजाबाईनं नवऱ्याच्या अंगावर गोधडी ओढली आणि ती चरफडली. गोधडीचं टोक आणखी कुरतडलेलं होतं. त्या उंदराचा मुडदा बशिवला म्हणत तिनं कोपऱ्यातला पिंजरा पाहिला. त्या साली सुरतेत प्लेग आलेला, उंदीर म्हटलं की लोकांना कापरं भरायचं, आणि इथं तळवलीच्या भाड्याच्या खोलीत तो थेट आजाऱ्याच्या अंथरुणात शिरत होता. तीन आठवडे ती पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावत होती. तुकडा नुसता वाळत होता.

सिताराम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. वीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या, आणि आता पोटात गाठ. दवाखान्यानं हात टेकले होते. घरी न्या, तेल-तूप बंद ठेवा, एवढंच सांगितलं. दुखायला लागलं की हा दांडगा गडी असा ओरडायचा, की गल्लीतली माणसं दारं लावून घ्यायची. गिरजाबाई त्याच मार्केटात कांदा निवडायला जायची. पण त्याला तसं टाकून तिचा पाय निघत नव्हता. उशाशी बसायची, पाठ चोळायची, कुलदैवताला शिव्या द्यायची. आणखी काय करणार बाई?

भांगेच्या काढ्याची अक्कल तिचीच. गंमत बघा, जन्मभर तिनं त्याच्या गांजाच्या चिलमीचा राग केला, दोन तर दगडावर आपटून फोडल्या. पण दोन झुरक्यांत त्याचे डोळे चढायचे आणि दिवसभराचं अंगदुखणं तो विसरायचा, हेही तिनं पाहिलं होतं. आता खोकल्यानं त्याला धूर सोसवत नव्हता. म्हणून तिनं तबेल्यातल्या श्यामसुंदर भय्याकडून भांगेचा पाला आणला. अडुळसा उकळतात तसा पाण्यात उकळला, गाळला आणि चोथा मोरीबाहेर फेकला. पहिल्याच वाटीला गडी गप्प झाला. देव पावला म्हणत तिनं पदर डोळ्याला लावला. तेव्हापासून रोज दुपारी वाटी द्यायची आणि निर्धास्त कामावर जायचं, असं चाललं होतं.

आज पाला संपला होता. बसला अजून वेळ होता, म्हणून ती वाटेत तबेल्यात शिरली. श्यामसुंदर म्हशी धूत होता. दरसाल शिवरात्रीला साऱ्या तबेल्याची भांग तोच घोटायचा. तुम्ही ही कशात करता, असं त्यानं सहज विचारलं. तिनं मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला.

"पाण्यात काय उतरणार, बाई? सगळा दम चोथ्यात ऱ्हायला, तो तुमी फेकून दिला. हिला तूप पायजे, नायतर साईचं दूध. तुमी नुसतं हिरवं पाणी पाजलं त्यांना."

गिरजाबाईला राग आला. ती म्हणाली, तुम्हाला काय कळतंय? वाटी खाली ठेवायच्या आत डोळा लागतो त्यांचा.

श्यामसुंदरचं हसू थांबलं. "इतक्या लवकर? पोटातून चढायला तास-दीड तास लागतो, बाई. चिलीम थोडीच आहे ती."

मग ते झोपतात कसे, असं तिनं दोनदा विचारलं. त्यानं पाल्याची पुडी बांधली, एका वाटीत तूप घातलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं बस सोडली आणि माघारी फिरली.

वाटभर ती मनाला समजावत होती. भय्याला काय कळतंय, औषध ज्याचं त्याला मानवतं. घराजवळ आली आणि कान दिला. आत चिडीचूप. तिला केवढं हायसं वाटलं! निजलाय बिचारा, उगाच जिवाला घोर लावून घेतला आपण. तरी दार लोटण्याआधी तिनं खिडकीतून डोकावलं.

सिताराम झोपला नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन तो अंथरुणावर मुटकुळं होऊन पडला होता. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. घामानं सदरा भिजला होता. गोधडीचं टोक त्यानं तोंडात कोंबलं होतं आणि दाढांत धरून तो ते चावत होता. गल्ली हादरवणारा तो आवाज कुठंच नव्हता. डोळे तेवढे उघडे होते, दाराकडं लागलेले.

आत धावत जावं असं तिला वाटलं. पण दार वाजलं की तो डोळे मिटणार, लागू पडलं म्हणणार, तिला कामावर जा म्हणणार. हातातलं तूप उन्हानं पातळ झालं होतं. स्टो पेटवायचा, पाला तुपात परतायचा, त्याला चारायचा, आणि मग तास-दीड तास. तोवर त्याच्याकडं ती गोधडीच होती.

कोपऱ्यात पिंजऱ्याचं दार उघडं होतं. आत सकाळचा तुकडा तसाच होता. घरात उंदीर कधी आलाच नव्हता.