चार नंबरचं टार्गेट

"नाही लागली," वॉकीटॉकीतून टार्गेटांखालच्या खंदकातला माणूस म्हणाला.

बाबांची ही पाचवी गोळी. समोर, जवळजवळ हजार मीटरांवर, चार नंबरचं टार्गेट जागचं हललं नव्हतं. गोळी लागली की खंदकातला माणूस टार्गेट खाली ओढतो, भोक बुजवतो आणि खूण लावून पुन्हा वर सारतो. आज त्याला काही कामच नव्हतं.

मोसमाच्या सुरुवातीला रायफल क्लब जुन्या सभासदांची परीक्षा घेत असे. दहा गोळ्या, त्यांतल्या निम्म्या तरी कागदावर. नाहीतर कार्ड परत. म्हणजे आता उरलेल्या सगळ्या लागायलाच हव्या होत्या.

बाबा दातांचे डॉक्टर. उभा जन्म लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेला, पण हात कधी हलला नाही. क्लबात त्यांना सगळे 'खांब' म्हणत. अलीकडे मात्र त्यांच्या हातात चहाची बशी वाजायला लागली होती. तेव्हापासून मुलीने एकच धसका घेतला होता. कप फुटला तरी ती हाताला दोष देई, आणि किल्ल्या हरवल्या तरी हातालाच.

"बाबा, आता तरी माझा रेस्ट घ्या," ती म्हणाली.

हे भांडण जुनं होतं. बाबा बायपॉडवाले. नळीखाली दोन पाय लावायचे, खांद्याने रायफल पुढे रेटायची आणि श्वास धरायचा. पण मग अंगातला कंप सरळ नळीत उतरतो. मुलीचा रेस्ट म्हणजे तीन पायांची जड लोखंडी घडवंची, वर वाळूची पिशवी. रायफल वाळूवर निवांत पडून राहते, माणसाने नुसता चाप ओढायचा.

"म्हणजे गोळी मारणार वाळूची पिशवी आणि बक्षीस घ्यायला जाणार तू!" असं म्हणून ते तिला वर्षानुवर्षं चिडवत आले होते.

आज मात्र त्यांनी मुकाट्याने बायपॉड सोडवला. तिने गाडीतून रेस्ट आणला. तिची स्वतःची रायफल कालच बाबांनी दुरुस्तीला नेऊन दिली होती, पण रेस्ट तिने मुद्दाम बरोबर घेतला होता. बाबांना असं हार मानताना बघून तिला रडू आलं.

"चार नंबर हं, बाबा. डावीकडून चौथं."

"मला शिकवतेस?" बाबा गुरगुरले आणि पुन्हा पालथे झाले.

नाही लागली. नाही लागली. पुढच्याही तशाच गेल्या. शेवटच्या गोळीला खंदकातला माणूस नुसताच म्हणाला, "सॉरी, डॉक्टर."

बाबा उठून बसले. रायफलवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"विकून टाक ही. हातच गेले, आता राहिलं काय?"

ती रेस्ट आवरायला लागली. वाळूसुद्धा कामी आली नव्हती.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, पाच नंबरवर आज कुणीच नव्हतं ना? आवरायला म्हणून खाली घेतलं, तर मधोमध दहा भोकं! एका ताटाखाली झाकली जातील सगळी."

पाच नंबर. बाबांच्या टार्गेटच्या शेजारचं.

हात शाबूत होते! बायपॉडवर शाबूत, रेस्टवरही शाबूत. तिला नाचावंसं वाटलं. शेजारच्याच्या टार्गेटवर एखादी गोळी भल्याभल्यांची जाते, आणि मग मोसमभर त्यांची टिंगल होते.

पण एखादी. सगळ्याच्या सगळ्या नाही. मध्ये उठून, पुन्हा आडवं होऊन, चार नंबर असं कानात सांगितल्यावर नाही.

इतके दिवस ती भलत्याच गोष्टीला घाबरत होती.

"कुणाच्या म्हणून लिहू, ताई?"

बाबा तिच्याकडेच बघत होते. तिने बटण दाबलं.

"माझ्या. मी मारत होते."

धडधडीत खोटं. बाबांनी वॉकीटॉकी हिसकावून घ्यावा, तिच्यावर डाफरावं, थापा मारतेस म्हणून सगळ्या मैदानासमोर तिला वेड्यात काढावं, एवढंच तिला हवं होतं. ती जिवाच्या आकांताने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाबांचा चेहरा खुलला. "एका ताटाखाली? वा गं माझी वाघीण!" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, आज तू तुझी रायफल आणलीस ते."