जिवंतपणीची फातिहा

मबरूक चाचा दुपारी भर सभेत वारला आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बूबकरच्या कॅफेत कॉफी प्यायला आला.

तो दारात दिसताच सगळा कॅफे हसत सुटला. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार दुपारी चौकातल्या मांडवात बोलून गेला होता. भाषणाच्या ओघात त्याने फॉस्फेटच्या खाणीतल्या जुन्या कामगार पुढाऱ्याचं, म्हणजे चाचाचं, नाव घेतलं. 'अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो' म्हणायचं, तर साहेबांची जीभ घसरली आणि 'अल्ला त्यांना जन्नत नसीब करो' म्हणून मोकळे झाले. वर मेलेल्यासाठी म्हणतात ती फातिहाही सुरू केली. चाचा समोर, पहिल्याच रांगेत. कॅमेरे चालू. मग काय, मांडवभर तळहात वर झाले. आपल्याकडे फातिहा सुरू झाली की हात आपोआप वर जातात, कोण मेलं ते मागाहून विचारायचं. खुद्द चाचानेही हात वर केले होते.

"स्वतःच्या फातिहाला आमीन म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला," शादली न्हावी म्हणाला. "खरं सांग चाचा, दुआ पोचली का?"

"पोचली. जरा धूळ लागली होती वाटेत," चाचा म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"याआधीचे सगळे पाणी देतो, नोकऱ्या देतो म्हणून गेले. हा गडी थेट जन्नतच देऊन गेला!"

"निवडून यायच्या आधीच माणसं पुरायला लागलाय. आल्यावर काय करील?"

"आल्यावर काय करायचंय? येणार तोच आहे," बूबकर कॉफी ओतता ओतता म्हणाला.

चाचाही हसत होता. हसणं थांबलं की त्याला रमझी आठवायचा. त्याचा हा पोरगा खाणीच्या रुळांवर धरणं धरलं म्हणून तुरुंगात होता, आत उपोषणाला बसला होता आणि आता पाणीही घेईनासा झाला होता. पहिल्या रांगेतली ती खुर्ची चाचाने हातापाया पडून मिळवली होती. भाषण संपलं की उठायचं, साहेबांचा हात धरायचा आणि एवढंच म्हणायचं, की पोराला दवाखान्यात हलवा. उद्या गादीवर बसणाऱ्याचा शब्द तुरुंगवाले आजच झेलतात. पण फातिहा संपून तो उठू लागला, तेवढ्यात पक्षाच्या माणसाने मागून त्याचा खांदा दाबला. "बस चाचा. आता उभा राहिलास तर साहेबांचं हसं होईल." चाचा बसला. साहेब गाडीत बसून राजधानीच्या, ट्यूनिसच्या वाटेला लागले.

यातलं त्याने कॅफेत काही सांगितलं नाही. सांगून तरी काय होणार होतं?

शादलीला आता चेव आला. त्याने आतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि भिंतीलगत ओळीने मांडल्या, मयताच्या घरापुढे मांडतात तशा. कुणीतरी मोबाइलवर कुराण लावायला गेला, तसा बूबकर खेकसला, "ए, ते नाही! थट्टेलाही काही हद्द असते." बाकी सगळं यथासांग झालं. मधल्या, मयताच्या घरच्यांच्या खुर्चीत खुद्द चाचालाच बसवलं. मग एकेक जण तोंड पाडून पुढे यायला लागला, वाकून त्याला गळामिठी घालायला लागला.

"अल्ला सबर देवो. माणूस लाखात एक होता हो."

"लाखात एक खरा, पण पत्त्यांत लबाडी करायचा."

"जाऊ द्या, गेलेल्याचं वाईट बोलू नये."

चाचा खाली मान घालून "अल्लाची मर्जी, अल्लाची मर्जी" म्हणत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सासिया आली. चाचाची ही बायको कॅफेच्या बाजूला कधी फिरकत नसे. पण सभा संपून इतका वेळ झाला तरी नवरा घरी आला नाही, तेव्हा साहेब काय म्हणाले ते विचारायला ती निघाली होती. तिने भिंतीलगतच्या खुर्च्या पाहिल्या. ओळीने उभे राहिलेले पुरुष पाहिले. मधोमध मान खाली घालून बसलेला नवरा पाहिला.

"रमझी!" ती किंचाळली आणि रस्त्यातच मटकन खाली बसली.

सगळे धावले. "नाही, नाही खाला! रमझीला काही नाही झालं, अल्लाची शप्पथ! ही थट्टा चाललीय. मेला तो चाचा... म्हणजे चाचाही नाही मेला, तो उमेदवार म्हणाला की..." शादली म्हणाला. बूबकरने पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"पोराचं बोललात त्यांच्याशी?"

चाचाने मान वर केली.

"उठू दिलं नाही गं," तो म्हणाला.

पुरुष इकडेतिकडे बघू लागले. शरमेने शादलीचं तोंड एवढंसं झालं होतं. तो घाईघाईने खुर्च्या उचलून एकात एक घालू लागला. सासिया उठली. तिने डोक्यावरचं फडकं नीट केलं, कपड्यांची धूळ झटकली आणि येऊन नवऱ्याशेजारी बसली.

"राहू दे रे पोरा," ती शादलीला म्हणाली. "दोन-चार दिवसांनी परत कशाला मांडत बसशील?"