बाजूला हो

नदीवरच्या आठ दिवसांच्या बोटसफरीसाठी फोटोग्राफरने पलंगावर सगळा बाजार मांडला होता. दोन कॅमेरे, हातभर लांब लेन्स, ट्रायपॉड. काय न्यायचं, काय ठेवायचं, काही ठरेना.

“बाबा, एवढं लटांबर कोण उचलणार? आई नाही आता,” लेक म्हणाली.

बोचलं, पण खरं होतं. तीस वर्षं त्याचं ओझं बायकोनेच वाहिलं. वर आणखी एक चाकरी होतीच. फोकस लावायला तो तिलाच समोर उभं करायचा. “तिथे उभी राहा. हलू नकोस. हं, आता बाजूला हो.” ती निमूट बाजूला व्हायची आणि मग हा पठ्ठ्या बटण दाबायचा. बक्षिसं मिळाली ती डोंगरांना आणि पुलांना.

“काहीही न्या, पण बोटीतल्या खोलीत ठेवायला आईचा एक फोटो घ्या,” लेक म्हणाली. “तुम्हाला फोटोंचा काय तोटा!”

तो कॉम्प्युटरपुढे बसला. हजारो फोटो उपसले. नद्या होत्या, बगळे होते, बायको कुठेच नव्हती. अखेर एका नदीच्या फोटोत, अगदी कडेला, एक कोपर सापडलं. कोपराला त्याचीच कॅमेऱ्याची बॅग अडकवलेली. फोटो बिघडवला म्हणून त्या दिवशी तो तिच्यावर चारचौघांत खेकसला होता.

त्याने तो फोटो छापला आणि बॅगेत ठेवला. बाकीचं सगळं पलंगावर तसंच राहिलं.

“मिळाला का हो आईचा फोटो?” लेकीने आतून विचारलं.

“मिळाला,” तो म्हणाला. “एकदाच तिला बाजूला व्हायला उशीर झाला होता.”