आढीतला साबण

आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्या वर्षी नव्या कलेक्टर बाईसाहेब महिला मेळाव्यासाठी साबण निवडायला बेला गावात येणार होत्या. आणि नेमका तेव्हाच जयवंताबाईंच्या घरच्या साबणातला गुलाबाचा वास टिकेना.

"जवारीत आंबा पिकते, मंग साबणाचा वास काऊन नाही मुरनार?" असं म्हणत त्यांच्या नवऱ्यानं, विठ्ठलरावांनी, साऱ्या वड्या ज्वारीच्या कोठीत पुरल्या.

"अवो, साबण काय आंबा हाय?"

"तू गप राय. तुले काय समजते?"

महिन्याभरानं आलेल्या बाईसाहेबांनी वडी हुंगली, नकारार्थी मान हलवली आणि जयवंताबाईंच्या आग्रहाखातर त्या जेवायला बसल्या.


भाकरीचा पहिला घास तोंडात जाताच त्या थबकल्या. "अम्मा, एवढा गुलाब भाकरीत घातलात, त्यातला थोडा साबणात घालायचा होता!"